पेसाक : बोर्दोला जे मावले नाही ते

फ्रान्समधून परतलेल्या कोणाच्या खिशात युरोचे एखादे नाणे उरले असेल, तर ते जरा डोळ्यांजवळ धरून पाहावे. फ्रान्सने आपल्या बाजूवर कुठे झाड कोरले आहे, कुठे बी पेरत चाललेली स्त्री. त्या चित्राच्या आसपास फळाफुलांनी भरलेल्या शिंगाचे एक इवलेसे चिन्ह सापडते. हे पॅरिस टांकसाळीचे चिन्ह आहे. या टांकसाळीची परंपरा इ.स. ८६४ पर्यंत मागे जाते आणि तिची देखणी जुनी इमारत पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी उभी आहे. पण खिशातले ते नाणे काही तिथे पाडलेले नसते. फ्रान्सची चलनी नाणी १९७३ पासून पॅरिसपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेसाक नावाच्या शहरात पाडली जातात. पॅरिसच्या वास्तूत आता पदके, संग्राहकांसाठीची खास नाणी आणि संग्रहालय एवढेच उरले आहे.

पेसाकचे नाव फ्रान्सबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते आणि ठाऊक असलेच तर वाइनच्या बाटलीवरच्या चिठ्ठीमुळे. बोर्दो या मोठ्या शहराच्या नैर्ऋत्येला, त्याला अगदी चिकटून हे शहर वसलेले आहे. क्षेत्रफळ ३९ चौरस किलोमीटरच्या आसपास आणि लोकसंख्या सुमारे ६५ हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला मोठे शहर कोणी म्हणणार नाही; मात्र जिरोंद या जिल्ह्यात बोर्दो आणि मेरिन्याक यांच्यामागोमाग पेसाकचाच क्रमांक लागतो. बोर्दोहून येणाऱ्याला शहराची हद्द कुठे ओलांडली हे पाटी वाचल्याखेरीज कळत नाही. तशीच बुटकी दगडी घरे, त्याच ट्रामचे रूळ, तीच झाडे. असे असूनही पेसाक हा बोर्दोचा भाग नाही, आणि फ्रान्समधील उपनगर समजून घ्यायचे तर सुरुवात या मुद्द्यापासूनच करावी लागते.

मराठीत ‘उपनगर’ म्हटले की अंधेरी किंवा मुलुंड डोळ्यांसमोर येते, म्हणजे मुख्य शहराच्याच महापालिकेखालचा भाग. पेसाक तसे नाही. ढोबळ तुलना करायचीच तर ती ठाण्याशी करता येईल, कारण मुंबईला खेटून असूनही ठाण्याची महापालिका वेगळी आहे. फ्रान्समध्ये स्थानिक कारभाराचा सर्वांत खालचा आणि लोकांना सर्वांत जवळचा वाटणारा घटक म्हणजे ‘कम्यून’. १७८९ च्या क्रांतीनंतर जुन्या धर्मक्षेत्रांच्या आणि गावांच्या हद्दी धरून हे कम्यून पाडले गेले. आजही देशात त्यांची संख्या ३५ हजारांच्या घरात आहे. पॅरिस, लिऑन आणि मार्सेय यांच्यासाठी काही वेगळे नियम आहेत. ती तीन शहरे सोडली, तर शंभर माणसांचे डोंगरातले खेडे आणि ६५ हजारांचे पेसाक यांचा कायद्यातला दर्जा जवळपास एकच. दर सहा वर्षांनी मतदार नगरपरिषदेसाठी यादीला मत देतात आणि निवडून आलेली परिषद आपल्यातून महापौर निवडते. हा महापौर नुसता मानाचा धनी नसतो. तिरंगी पट्टा खांद्यावरून घेऊन लग्ने लावणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, बांधकामाच्या परवान्यावर सही करणे, प्राथमिक शाळांच्या इमारती आणि तिथले दुपारचे जेवण सांभाळणे ही सारी कामे त्याच्या कचेरीकडे असतात.

गुंतागुंत सुरू होते ती याच्या वरच्या पायऱ्यांवर. हद्दी एकमेकींत मिसळलेल्या अठ्ठावीस कम्यूननी आपापली ट्राम, आपापले नळ आणि आपापल्या कचरागाड्या चालवायच्या म्हटले तर सावळा गोंधळच होईल. म्हणून १९६६ च्या कायद्याने बोर्दो आणि भोवतालच्या कम्यूनचा एक संघ करण्यात आला. १९६८ पासून त्याचा कारभार सुरू झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून त्याला ‘मेट्रोपोल’ हा अधिक अधिकारांचा दर्जा मिळाला. आज या संघात २८ कम्यून आणि आठ लाखांहून अधिक लोक आहेत. ट्राम आणि बस, पाणी, सांडपाणी, कचरा, जमिनीच्या वापराचा आराखडा हे सारे आता मेट्रोपोलच्या हाती आहे. पिण्याचे पाणी दीर्घकाळ खासगी कंपनीच्या कंत्राटावर होते. १ जानेवारी २०२३ पासून मेट्रोपोलने ते स्वतःच्या सार्वजनिक यंत्रणेकडे घेतले. हा निर्णय पेसाकच्या नगरपरिषदेने एकटीने घेतलेला नाही, तिला तसा तो घेताही आला नसता.

पेसाकमधल्या एखाद्या घरातल्या तीन मुलांचे उदाहरण घेतले म्हणजे हा उतरंडीचा प्रकार लवकर ध्यानात येतो. धाकटे मूल ज्या प्राथमिक शाळेत जाते तिची इमारत पेसाक कम्यूनची, मधल्याच्या माध्यमिक शाळेची इमारत जिल्ह्याची, थोरल्याच्या उच्च माध्यमिक शाळेची इमारत प्रदेशाची, आणि तिन्ही ठिकाणच्या शिक्षकांचा पगार मात्र पॅरिसमधल्या सरकारचा. थोरला ट्रामने गेला तर ती मेट्रोपोलची, प्रादेशिक रेल्वेने गेला तर ती पुन्हा प्रदेशाची. वर्गाचे छप्पर गळू लागले तर तक्रार कोणाकडे करायची, हे वर्ग कितवा आहे यावर ठरते. फ्रेंच लोक स्वतःच या रचनेला अनेक पापुद्र्यांच्या पेस्ट्रीची उपमा देऊन चेष्टा करतात. पण कम्यून मोडून टाका म्हटले, की तेच लोक चिडतात.

पेसाक पुढे ज्या वळणाने गेले त्याचे मूळ कारभारात नसून जमिनीत आहे. ‘आक’ने संपणारी गावांची नावे नैर्ऋत्य फ्रान्समध्ये जागोजागी भेटतात आणि ती बहुतेक रोमन काळाकडे बोट दाखवतात, अमक्याची जहागीर असा त्या प्रत्ययाचा अर्थ. मेरिन्याक तसेच, पेसाकही तसेच. या जहागिरीखाली गारोन नदीने हजारो वर्षांत वाहून आणलेल्या गोट्यांचे आणि खड्यांचे थर पसरलेले आहेत. फ्रेंचमध्ये अशा खडीला ‘ग्राव्ह’ म्हणतात आणि बोर्दोच्या दक्षिणेकडच्या सगळ्या द्राक्षपट्ट्याला तेच नाव पडले आहे. गव्हाच्या दृष्टीने ही जमीन भिकार. द्राक्षाच्या वेलीला मात्र ती मानवते, कारण अटलांटिक समुद्राकडून येणारा पाऊस त्यात साचून राहत नाही, मुळे ओलाव्याच्या शोधात खोल उतरतात आणि दिवसभर तापलेले गोटे रात्री ऊब देतात. उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों जातीला या दमट हवेत अशी उबदार जागाच लागते.

या खडीवर दोन नावे उभी राहिली. त्यांतले पहिले पाप क्लेमाँ. बोर्दोचे आर्चबिशप बर्त्राँ द गो यांची पेसाकमध्ये द्राक्षबाग होती. १३०५ साली ते पाचवे क्लेमेंट या नावाने पोप झाले आणि पोपचे ठाणे रोमहून हलून आव्हिन्योंला गेले ते त्यांच्याच कारकिर्दीत. बाग त्यांनी बोर्दोच्या आर्चबिशपांकडे ठेवली, आणि फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या मालमत्ता जप्त होईपर्यंत ती तिथेच राहिली. आज तिच्या कुंपणापलीकडे चहूबाजूंनी घरे आहेत.

दुसरे नाव ओ-ब्रियों. बोर्दोच्या परिसरात ‘शातो’ या शब्दाचा अर्थ गढी असा कमी आणि वाइन करणारी मालमत्ता असा अधिक होतो, पण इथे खरोखरच गढीवजा वाडाही आहे. झाँ द पोंताक याने तो सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधायला काढला. त्या काळी बोर्दोची वाइन पिंपांतून इंग्लंडला जाई ती कोणा एका बागेच्या नावाने नव्हे, सगळी एकाच नावाखाली. पोंताक घराण्याने आपल्या बागेची वाइन तिच्या स्वतःच्या नावावर विकायला सुरुवात केली. लंडनमधील नौदलाच्या कचेरीत काम करणाऱ्या सॅम्युअल पेपिस यांनी १० एप्रिल १६६३ रोजी एका गुत्त्यात ती चाखली आणि रोजनिशीत तिचे नाव ऐकू आले तसे, म्हणजे ‘हो ब्रायन’ असे लिहून ठेवले. एखादी वाइन ठरावीक बागेच्या नावाने ओळखली जाण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानतात. पुढे १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी बाजारभाव पाहून लाल वाइनची जी प्रतवारी लावली, तिच्यातल्या बाकी साऱ्या बागा बोर्दोच्या उत्तरेकडच्या मेदोक पट्ट्यातल्या होत्या. अपवाद एकट्या ओ-ब्रियोंचा, आणि तिला स्थान मिळाले तेही थेट पहिल्या प्रतीत. १९३५ साली अमेरिकी बँकर क्लॅरेन्स डिलन यांनी ही मालमत्ता विकत घेतली आणि ती अजून त्यांच्याच वंशजांकडे आहे.

पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीपर्यंत पेसाकमध्ये या दोहोंखेरीज पुष्कळ लहानमोठ्या बागा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे कुरतडणाऱ्या किडीने आणि बुरशीजन्य रोगांनी त्यांना पहिला दणका दिला. दुसरा दणका, आणि मला वाटते तो अधिक निर्णायक, घरबांधणीने दिला. शहर जसजसे पुढे सरकले तसतसा एकेका बागायतदारापुढे साधा हिशेब आला : दर वर्षी हवामानाशी झुंजत वाइन करायची, की जमिनीचे प्लॉट पाडून मोकळे व्हायचे? ज्यांच्या बाटलीला जगभर भाव होता तेच टिकले. ओ-ब्रियोंचा मळा आज रस्ते, घरे आणि बसथांबे यांनी वेढलेले सुमारे ५० हेक्टरांचे बेट आहे. शहराच्या उबेमुळे इथली द्राक्षे थोडी आधी पिकतात आणि बोर्दोच्या पट्ट्यात तोडणीला आधी लागणाऱ्या बागांमध्ये हिचे नाव असते. म्हणजे ज्या वस्तीने बाकीच्या बागा गिळल्या तीच वस्ती या बागेच्या हवामानाचा भाग होऊन बसली आहे. १९८७ साली ग्राव्हच्या उत्तर भागातल्या उत्पादकांनी स्वतःचे वेगळे प्रमाणित नाव मिळवले, ते ‘पेसाक-लेओन्याँ’. एका उपनगराचे नाव अशा रीतीने जगभरच्या महागड्या बाटल्यांवर पोचले.

बागांच्या मधून पहिली मोठी रेघ ओढली ती रेल्वेने. जुलै १८४१ मध्ये बोर्दो ते ला तेस्त हा मार्ग सुरू झाला, पेसाकला स्थानक मिळाले आणि पुढे १८५७ साली हाच मार्ग आर्काशाँच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेला. बोर्दोचे सुखवस्तू लोक उन्हाळ्यात या गाडीने समुद्रावर जात. मधले पेसाक झाडीचे, मोकळ्या हवेचे, आणि जमीन स्वस्त. शहराला जे मावत नाही त्याला हेच तिन्ही गुण लागतात.

१९२० च्या दशकात बोर्दोला जे मावत नव्हते ते म्हणजे कामगारांची घरे. आंरी फ्रुजेस हे बोर्दोचे साखर कारखानदार. कलेची आवड असलेले हे गृहस्थ चित्रकार आणि संगीतकारही होते. ल कॉर्बुझिए या तेव्हा फारशी कामे हाती नसलेल्या वास्तुकाराचे लेख वाचून त्यांनी त्याला बोलावले आणि आपले विचार प्रत्यक्ष बांधून दाखवण्याची मोकळीक दिली. १९२४ ते १९२६ या काळात ल कॉर्बुझिए आणि त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे यांनी पेसाकमध्ये ‘सिते फ्रुजेस’ ही वसाहत उभारली. योजना शंभराहून अधिक घरांची होती, प्रत्यक्षात झाली पन्नासच्या आसपास.

कल्पना अशी होती की मोटार जशी कारखान्यात ठरावीक भागांची जोडणी करून स्वस्त बनते तसेच घरही बनावे. म्हणून पाच मीटर गुणिले पाच मीटर हे एक माप धरले, त्याचे अर्धे अडीच मीटर, आणि याच मापांच्या कमीअधिक जुळणीतून निरनिराळ्या प्रकारची घरे काढली. काही कमानींनी एकमेकांना जोडलेली, काही नागमोडी रांगेतली, तर काही पाठीला पाठ लावून उभी असलेली तीन मजली. या तीन मजली घरांना ‘गगनचुंबी’ असे नाव दिले गेले. त्यात थोडी थट्टाही असावी. भिंतींवर सिमेंट फवारणारी एक यंत्रतोफ मागवण्यात आली, पण स्थानिक गवंड्यांच्या हाती ती नीट बसली नाही आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. घरांना रंग दिले ते तपकिरी तांबडा, फिकट निळा, फिकट हिरवा आणि पांढरा. रांगेतले एखादे घर निळे केले की ते आकाशात विरून जाते आणि दाटी कमी भासते, असा त्यामागचा विचार होता.

या वसाहतीची एक गोष्ट मराठी वाचकाला हसू आणेल. बोर्दोच्या लोकांना सर्वांत जास्त खटकली ती गच्ची. आपल्याकडे पापड वाळत घालायला, चांदणे पाहायला आणि भांडण टाळून बसायला जिचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या होत आला, ती सपाट छपराची जागा तिथे परकी होती. त्या भागातले साधे घर म्हणजे ‘एशॉप’ : रस्त्याला लागून दगडी दर्शनी भिंत, एकच मजला, वर उतरते कौलारू छप्पर आणि मागे लांबट परसबाग. अशा घरांत वाढलेल्या माणसांना बाहेरच्या जिन्याने गच्चीवर जायचे, आडव्या पट्टीसारख्या लांब खिडकीतून बाहेर पाहायचे आणि घराखाली खांबांवर रिकामी जागा सोडायची, हे सगळे चमत्कारिक वाटले. शेजारपाजारच्यांनी वसाहतीला मोरोक्कोतले गाव म्हणून हिणवले.

खरा घोळ मात्र नळाने घातला. जून १९२६ मध्ये मंत्रिमहोदय येऊन उद्घाटन करून गेले, आणि त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे घरे रिकामी पडली, कारण रस्ते आणि पाण्याची जोडणी यांची प्रशासकीय मंजुरी अडकून बसली होती. पाणी नसलेले घर विकत कोण घेणार? पुढे १९२८ च्या लुशर कायद्याने कमी उत्पन्नाच्या लोकांना सरकारी कर्जावर घर घेणे शक्य झाले, तेव्हा कुठे कुटुंबे राहायला आली. तोवर फ्रुजेस यांची आर्थिक घडी विस्कटली होती. वसाहत फसली याचे खापर पुढे अनेकांनी वास्तुकाराच्या डोक्यावर फोडले. पण तीन वर्षे नळ न देणारी कचेरीही त्या हिशेबात धरायला हवी.

राहायला आलेल्यांनी मग आपल्या सोयीने घरे बदलली. लांब खिडकीचा अर्धा भाग विटांनी बुजवून उरलेल्याला नेहमीच्या लाकडी झडपा बसवल्या. गच्चीवर उतरते छप्पर चढले, खांबांखालची मोकळी जागा बंदिस्त होऊन एक जादा खोली निघाली, रंग पुसले गेले. १९६९ साली फिलिप बुदों या वास्तुकाराने तिथल्या रहिवाशांशी बोलून या बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूळ रचना लवचीक होती म्हणूनच लोकांना ती इतकी वळवता आली, हा त्यातला विचार वास्तुविद्येच्या अभ्यासकांत अजून चर्चिला जातो. त्यानंतर वारे फिरले. १९८० साली एक घर ऐतिहासिक स्मारक ठरले, नगरपरिषदेने त्या ‘गगनचुंबी’ प्रकारातले एक घर घेऊन लोकांना पाहण्यासाठी खुले केले आणि २०१६ साली युनेस्कोने ल कॉर्बुझिएच्या सात देशांतल्या १७ कामांना एकत्रित जागतिक वारशाचा दर्जा दिला. पेसाकची ही वसाहत आणि चंदीगडचे कॅपिटॉल संकुल हे दोन्ही त्याच यादीत आहेत. पेसाकमध्ये हाताशी असलेला पिएर जानरे पुढे चंदीगडला आला आणि १९६५ पर्यंत तिथेच राहून काम करत होता. पेसाकच्या त्या गल्ल्यांत आज कोणी खिडकी बदलायला गेले तर परवानगी घ्यावी लागते. आजोबांनी बुजवलेली खिडकी नातवाने मूळ मापाची करून घ्यावी अशी आता अपेक्षा असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोर्दोतून बाहेर पडणाऱ्या गोष्टींचा आकार वाढला. शहराच्या मध्यात जुन्या इमारतींत कोंडलेले विद्यापीठ विद्यार्थ्यांच्या लोंढ्याला पुरेना, तेव्हा तालाँस, पेसाक आणि ग्रादिन्याँ या तीन कम्यूनच्या हद्दीत दोनशेहून अधिक हेक्टर जागेवर अमेरिकी धाटणीचा मोकळा परिसर उभारला गेला. कम्यूनच्या सीमा या परिसरातून आरपार जातात. विज्ञान शाखेच्या इमारती तालाँसमध्ये, तर भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवणारे बोर्दो-माँतेन्य विद्यापीठ पेसाकमध्ये. नाव बोर्दोचे, पत्ता पेसाकचा. विमानतळाचीही तीच तऱ्हा, फक्त तो शेजारच्या मेरिन्याकमध्ये. भारताने घेतलेल्या राफेल विमानांपैकी पहिले ८ ऑक्टोबर २०१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, संरक्षणमंत्र्यांच्या हाती सोपवले गेले आणि त्याची शस्त्रपूजा झाली ती त्याच मेरिन्याकला.

रुग्णालयाची गोष्टही अशीच. बोर्दो विद्यापीठाच्या रुग्णालयसमूहाचा हृदयरोग विभाग पेसाकमधल्या ओ-लेव्हेक रुग्णालयात आहे. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात, नाडी वेडीवाकडी चालते, रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, अशा विकाराला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हा गोंधळ कुठून सुरू होतो हे नेमके कळत नव्हते. मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ४५ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. विकाराला सुरुवात करून देणारे चुकार ठोके बहुतांशी फुप्फुसांकडून हृदयात रक्त आणणाऱ्या शिरांमधून उमटतात, असे त्यांना दिसले. याचा अर्थ मांडीतून बारीक नळी घालून त्या शिरांच्या तोंडाशी उष्णतेने डाग दिला, तर गोंधळाची वाट अडवता येते. आज हा उपचार जगभर होतो, मुंबई-पुण्यातही होतो.

आणि टांकसाळ. १९६० च्या दशकात, सगळे काही पॅरिसमध्येच का, असा प्रश्न फ्रेंच सरकारला पडू लागला आणि कारखाने, कचेऱ्या, संशोधनसंस्था देशाच्या इतर भागांत हलवण्याचे धोरण आले. सीनच्या काठच्या जुन्या वास्तूत कोट्यवधी नाणी पाडणारी अवजड यंत्रे आणि मालवाहू ट्रक यांना जागाही नव्हती. पेसाकच्या औद्योगिक पट्ट्यात नवा कारखाना उभा राहिला आणि १९७३ साली तेव्हाचे अर्थमंत्री वालेरी जिस्कार देस्तँ यांनी त्याचे उद्घाटन केले. युरो चलनात येण्यास साडेतीन वर्षांहून अधिक अवकाश होता, तेव्हाच ११ मे १९९८ रोजी युरोचे पहिले नाणे याच कारखान्यात पाडले गेले. पोलादी ठशांच्या दोन बाजूंमध्ये धातूची चकती येते, दाब बसतो आणि एका क्षणात दोन्ही अंगे व कडा उमटतात. लेखाच्या आरंभी सांगितलेले ते शिंगही त्याच दाबासरशी उमटते.

शहराला जे मावत नाही त्यात सन्माननीय गोष्टीच असतात असे नाही. पेसाकच्या पश्चिमेला बूर्गाय नावाची जागा आहे. तिथे कचऱ्याचे मोठे डेपो होते. ते बंद करून, मातीने झाकून, झाडे लावून आता तिथे वनउद्यान केले आहे आणि रविवारी लोक त्या टेकाडावर मुलांना फिरायला नेतात. स्वस्त घरेही आली. १९७० च्या दशकात विद्यापीठाच्या जवळ साइज-फोर्मान्वार ही उंच मनोऱ्यांची वसाहत झाली. तिथले भाडे नियंत्रित असते आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या कुटुंबांनाच घर मिळते. डिसेंबर २००० च्या कायद्याने मोठ्या शहरी पट्ट्यांतल्या बहुतेक कम्यूनवर अशा सामाजिक घरांचे किमान प्रमाण राखण्याची सक्ती आली, आधी २० टक्के आणि पुढे बहुतेक ठिकाणी २५ टक्के. न राखणाऱ्याला दंड भरावा लागतो. त्यामागचा हेतू असा की श्रीमंत कम्यूनने गरिबांची घरे शेजारच्या हद्दीत ढकलू नयेत. कम्यूनच्या स्वातंत्र्याचा एक काळा उपयोग हाही होता.

या साऱ्या गोष्टींना जोडणारा आणि तोडणारा रस्ता म्हणजे ‘रोकाद’. बोर्दोभोवतीचा हा सुमारे ४५ किलोमीटरांचा वर्तुळाकार महामार्ग पेसाकच्या मधून जातो. आतल्या बाजूला जुने गाव, विद्यापीठ, फ्रुजेस वसाहत, ओ-ब्रियों. बाहेरच्या बाजूला बैठी घरे, पाइनची झाडी, रुग्णालय, कारखाने, आणि पार टोकाला तोक्तुको ही जुनी वाडी. सकाळ-संध्याकाळ हा रस्ता तुंबतो. म्हणून ट्रामची बी मार्गिका विद्यापीठातून पुढे नेत २००७ साली पेसाकच्या रेल्वेस्थानकापर्यंत आणण्यात आली, आणि २०१५ साली तिचा एक फाटा रोकादपलीकडे आलुएत भागाकडे गेला. १८४१ चा रेल्वेमार्ग आणि ही ट्राम आज एकाच ठिकाणी भेटतात. रेल्वेने बोर्दोचे मुख्य स्थानक दहा मिनिटांच्या आतबाहेर गाठता येते; तरी बाहेरच्या वाड्यांत मोटारीवाचून अजूनही अडते.

स्थानकापासून थोडे चालत गेले की चर्च, नगरपरिषदेची इमारत आणि त्यांच्या शेजारी झाँ युस्ताश चित्रपटगृह लागते. १९९० पासून दर नोव्हेंबरात इथे इतिहासविषयक चित्रपटांचा महोत्सव भरतो. युस्ताश हा दिग्दर्शक १९३८ साली पेसाकमध्येच जन्मला. गावातल्या एका सद्‌वर्तनी तरुणीची ‘रोझिएर’ म्हणून निवड करून तिला फुलांचा मुकुट घालण्याची प्रथा पेसाकमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. युस्ताशने १९६८ साली हा सोहळा कृष्णधवल चित्रफितीवर टिपला आणि १९७९ साली पुन्हा जाऊन तोच सोहळा रंगीत चित्रफितीवर घेतला. निवड, महापौरांचे भाषण, मिरवणूक, चर्च, जेवणावळ, सारे त्याच क्रमाने. या दोन चित्रीकरणांच्या मधल्या अकरा वर्षांतच टांकसाळ आली आणि साइजचे मनोरे उभे राहिले. दोन्ही चित्रपट लागोपाठ दाखवायचे असतील तर १९७९ चा आधी आणि १९६८ चा नंतर दाखवावा, अशी युस्ताशची इच्छा होती. त्या क्रमाने पाहिले तर मुकुट तसाच राहतो आणि त्याच्या भोवतालचे शहर मात्र मागे मागे जाऊन पुन्हा गाव होत जाते.